वीतभर ढिलाई

पिकअपचं स्टिअरिंग सैल आहे, ही गोष्ट स्टोअरसाहेबांना मुळात मान्यच नव्हती. 'सैल' हा शब्दच त्यांना झोंबायचा. ते म्हणायचे, "सैल नाही हो, विचारी आहे." स्टिअरिंग वीतभर फिरवलं तरी खालच्या चाकांना त्याचा पत्ता नसायचा, हे खरं. पण वीत ओलांडली की गाडी वळायची म्हणजे वळायचीच, हेही तितकंच खरं. पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात ज्यांनी अख्खी नोकरी काढली, त्यांना यात वावगं वाटणार तरी काय? वरून हुकूम निघतो, खाली पोचेपर्यंत मध्ये थोडा काळ जातो. तो जायलाच हवा, नाहीतर मधल्या माणसांनी करायचं काय? म्हणून वळण दिसायच्या आधीच साहेब स्टिअरिंग फिरवायला घ्यायचे, मग जरा उलटं, मग पुन्हा सुलटं. अगदी सरळ रस्त्यावरसुद्धा त्यांचे दोन्ही हात एकसारखे चालू असायचे आणि गाडी मात्र नाकासमोर जायची. शेजारी बसलेल्या माणसाला घाम फुटायचा, साहेबांना नाही.

कॉलनीत दुसऱ्या कुणाला ती गाडी हाकता येत नव्हती. समोरच्या होमिओपॅथी डॉक्टरांनी एकदा हौसेने प्रयत्न केला होता. ते फाटकापर्यंत गेले आणि फाटकाचा खांब घेऊन परत आले. तेव्हापासून ठरूनच गेलं. कपाट हलवायचंय, गाद्या आणायच्यात, कुणाच्या मुलाने वेगळं बिऱ्हाड केलंय, की बेल वाजणार ती स्टोअरसाहेबांच्या दाराची. "साहेब, रविवारी वेळ आहे का?" आता निवृत्त माणसाकडे वेळेशिवाय दुसरं असतं काय? पण साहेब लगेच 'हो' म्हणायचे नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहायचे, हनुवटी खाजवायचे, आणि मग म्हणायचे, "जमवू." खरं सांगायचं तर हे 'जमवू' म्हणता यावं म्हणूनच ते सकाळी दाढी करून बसत. खुर्ची गेली, शिक्का गेला, सलाम ठोकणारा शिपाई गेला. राहिली होती ही पिकअप, आणि तिच्या जोरावर टिकून असलेला मान.

बायको अधूनमधून विचारायची, "मी एकदा चालवून बघू का हो?" परवाना तिच्याकडे होता. पण तो फोटो असलेलं ओळखपत्र म्हणून काढलाय, अशी साहेबांची समजूत होती आणि ती त्यांनी कधी तपासून पाहिली नव्हती. ते मायेने हसून म्हणायचे, "अगं, या गाडीला अनुभव लागतो."

आणि असं सगळं सुरळीत चाललेलं असताना परिवहन कार्यालयाची नोटीस आली. जुन्या मालवाहू गाड्यांची तपासणी होणार. स्टिअरिंग जास्त ढिलं आढळलं किंवा आवारातल्या पांढऱ्या पट्ट्यावरून गाडी सरळ गेली नाही, तर नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात. मुदत महिनाअखेर.

साहेबांनी नोटीस उभ्यानेच वाचली आणि मग बसले. भंगार हा शब्द त्यांनी उभ्या नोकरीत असंख्य वेळा स्वतःच्या हाताने लिहिला होता. तो आपल्या दारात येईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

बातमी कॉलनीत पसरायला किती वेळ लागतो? डॉक्टर बनियनवरच आले. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर हात ठेवला. नाडी बघतायत की काय असं वाटलं. म्हणाले, "लक्षण दाबू नका साहेब. ढिलाई हे नुसतं लक्षण आहे. मूळ शोधा. आधी सांगा, त्रास सकाळी जास्त होतो की संध्याकाळी? थंडीत वाढतो का?"

"वळताना वाढतो," साहेब म्हणाले.

"डावीकडे की उजवीकडे?" डॉक्टर हे एवढ्या गंभीरपणे विचारत होते की साहेबसुद्धा क्षणभर विचारात पडले.

एवढ्यात साहेबांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मोबाइल नाचवत हजर झाला. हा गृहस्थ विम्याचं काम करतो, पण जगातल्या प्रत्येक दुरुस्तीचा व्हिडिओ त्याने पाहिलेला असतो. आणि पाहिलं म्हणजे केलंच, असा त्याचा प्रामाणिक समज आहे. "भाऊजी, मिस्त्री-बिस्त्री काही नको. स्टिअरिंग बॉक्सच्या डोक्यावर एक स्क्रू असतो. वरचा नट सोडायचा, स्क्रू आवळायचा, नट बसवायचा. खेळ खलास."

या बाबतीत तरी त्याचं चुकलं नव्हतं. स्क्रू खरंच तिथे होता. मेहुण्याने अर्धा फेरा आवळला आणि साहेबांनी स्टिअरिंग हलवून पाहिलं, तर वितीतली चार बोटं कमी झालेली! साहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. डॉक्टर म्हणाले, "मात्रा लागू पडली. आता थांबा." पण मात्रा लागू पडल्यावर थांबतो तो मध्यमवर्गीय कसला? चार बोटांचा अर्ध्या फेऱ्यात निकाल लागला, तर उरलेल्यांचा आणखी अर्ध्यात लागणार, हा हिशेब शाळेतल्या पोरालाही सुटेल. मेहुण्याने आवळला. मग दोघांनी मिळून आवळला. मग लांब दांड्याचा पाना लावून आवळला. ढिलाई औषधालाही उरली नाही.

साहेब विजयी मुद्रेने गाडीत बसले आणि कॉलनीच्या मोकळ्या मैदानात गाडी घातली. पहिलं वळण उजवीकडे. स्टिअरिंग कुरकुरत वळलं, गाडी झकास वळली. आता कुठलीही गाडी वळल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायला बघतं. हे स्टिअरिंग बघेना. ते वळलं ते वळलेलंच राहिलं. साहेबांनी पहिला फेरा मारला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेऱ्याला साहेब ओरडत होते, पण काच वर असल्याने फक्त तोंड हलताना दिसलं आणि डॉक्टरांनी उलट हात हलवून दाद दिली. तिसऱ्या फेऱ्यात साहेबांनी दोन्ही हातांनी लोंबकळून स्टिअरिंग एकदाचं फिरवलं, आणि ते भलतंच फिरलं. गाडी मैदान सोडून डॉक्टरांच्या कुंपणात शिरली आणि त्यांच्या कुंड्यांच्या रांगेवर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, ब्रेक होता की!" मेहुणा धापा टाकत म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ब्रेक आठवला नाही, हे कबूल करणं त्यांच्या शानेत बसत नव्हतं. "बघत होतो, कुठवर जाते ते," ते म्हणाले.

शेवटी मिस्त्री आला. हा एक स्वतंत्रच नग. गाडीखाली सरकला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "कुठल्या गाढवाने हात लावलाय याला?"

"मागच्या वेळी तूच लावला होतास."

"मग काम चोख आहे. झिजलंय फक्त," गाडीखालून तितक्याच ठसक्यात उत्तर आलं.

ढिलाई कुठे आहे हे शोधायची रीत सोपी असते. एकाने वर बसून स्टिअरिंग हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली पडून बघायचं, की हालचाल कुठपर्यंत पोचते आणि कुठे गडप होते. आता साहेबांना खाली राहून देखरेख करायची होती. भांडारातल्या माणसाला देखरेखीशिवाय अन्न गोड लागत नाही. म्हणून स्टिअरिंग हलवायला बायकोला बसवलं. ती शेंगा सोलत होती, ती परात मांडीवर घेऊनच चढली. "डावीकडे," खालून मिस्त्री. ती डावीकडे. "उजवीकडे." ती उजवीकडे. दुपारभर हा कार्यक्रम चालला. मध्येच साहेबांनी वर डोकावून पाहिलं, तर परात बाजूला होती, बाईसाहेबांनी सीट पुढे ओढून घेतली होती, आरसा स्वतःच्या उंचीला लावला होता आणि ती गुणगुणत होती.

"आरसा कशाला हलवलास?"

"मिस्त्रींनी फक्त स्टिअरिंग हलवायला सांगितलं, आरशाला हात लावू नका असं कुठे म्हणाले?"

निष्कर्ष निघाला तो असा. स्क्रूचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तो उगाच आवळला होता, तो पुन्हा बेताचा करायचा. स्टिअरिंगच्या दांड्याला जोडणारी रबराची चकती फाटून चिंध्या झाली होती, आणि पुढच्या चाकांना वळवणाऱ्या टाय रॉडचे सांधे खिळखिळे झाले होते. ते सगळं नवीन घालायचं. साहेब म्हणाले, "ठीक आहे. पण रीतसर. तीन निविदा आण."

"रबराच्या चकतीला?"

"टाचणीला असल्या तरी तीनच."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी तीन निविदा घेऊन आला. एक त्याच्या नावाची, एक भावाच्या, एक बायकोच्या. अक्षर तिन्हींचं एकच, शाई तेवढी वेगळी. साहेबांनी त्या नाकाजवळ धरून वाचल्या, त्यातली सर्वांत कमी दराची मंजूर केली आणि समाधानाने मान हलवली. खात्यातसुद्धा असंच चालायचं, पण तिथे शाईही कुणी बदलायचं नाही. मिस्त्री पुढे जाईल, असं त्यांचं मत झालं.

तर काम झालं. आणि काय झालं सांगू! स्टिअरिंगला नुसतं बोट लावलं तरी चाकं हलायची. वीत गेली, चार बोटं गेली. तपासणीच्या दिवशी साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, कागदांची पिशवी बायकोच्या हातात दिली, मेहुण्याला मागे मालाच्या जागी बसवलं आणि गाडी रस्त्यावर काढली.

पहिल्याच सरळ रस्त्यावर गाडी डाव्या कडेला गेली. तिथून उजव्या. तिथून पुन्हा डाव्या. साहेबांचे हात नेहमीसारखेच चालले होते हो! तोच सराव, तीच लय. पण आता हाताची प्रत्येक लकेर थेट चाकांपर्यंत पोचत होती. हुकूम निघताक्षणी अंमलबजावणी, हा प्रकार साहेबांनी जन्मात पाहिला नव्हता. ते हात थांबवायला बघत आणि हात काही थांबेनात. मागून येणारा दुधवाला सायकलवरून उतरला आणि सायकल हातात धरून गटारापलीकडे जाऊन उभा राहिला. मागे मेहुणा एका फळीवरून दुसऱ्या फळीवर आपटत होता आणि प्रत्येक आपटीला "भाऊजी!" म्हणत होता. बायको एकच वाक्य बोलली, "हात स्थिर ठेवा ना जरा." साहेब ओरडले, "मला शिकवू नकोस!" आणि तेवढ्या ओरडण्यात गाडीने आणखी एक हेलकावा घेतला.

परिवहन कार्यालयाच्या आवारात निरीक्षकांनी स्टिअरिंग हलवून पाहिलं, खाली वाकून बॅटरी मारली आणि चक्क कौतुक केलं. "वा! या वयाच्या गाडीत असं काम पाहिलं नाही." साहेबांची छाती फुगली. "चला, आता पट्ट्यावरून एकदा सरळ जाऊन दाखवा."

पांढरा पट्टा आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होता. साहेबांनी तो सहा ठिकाणी ओलांडला. निरीक्षक धावत आले, दार उघडलं, आणि आधी हुंगलं.

"सकाळी सकाळी?" ते हळूच म्हणाले.

"काय सकाळी सकाळी? मी सुपारीसुद्धा खात नाही!"

नळीत फुंकायला लावलं. आवारातले सगळे ड्रायव्हर गोळा झाले. साहेबांनी जन्मभर ज्या कार्यालयांना वचकून राहायला लोकांना शिकवलं, त्यातल्याच एका कार्यालयाच्या अंगणात ते गाल फुगवून नळीत फुंकत होते, आणि बायको पिशवी छातीशी धरून बघत होती. यंत्राने शून्य दाखवलं. निरीक्षकांना वाईट वाटलं. दारू निघाली असती तर सोपं होतं, त्याला रकाना आहे. त्यांनी लिहिलं, 'वाहन योग्य. चालक अयोग्य.' मग स्वतःच थांबले. "चालकाचं मला लिहिता येत नाही. ते परवाना खिडकीचं काम."

परवाना खिडकीवरच्या बाईंनी परवाना उलटसुलट करून पाहिला. "हा तर पुढच्या वर्षापर्यंत चालू आहे. तोपर्यंत तुम्ही योग्य आहात."

"पण ते म्हणतात अयोग्य!"

"ते वाहन बघतात. वाहन योग्य आहे ना? तुम्हीही योग्य. मग अडतंय कुठे?"

"दोघं एकत्र आलो की अडतं," साहेबांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

बाईंनी अशा प्रकरणांची खिडकी कुठली ते पाहिलं. अशी खिडकी नव्हती. पुन्हा निरीक्षकांकडे. ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "हे बघा काका, मला गाडी सरळ गेलेली बघायची आहे. कोण चालवतं याच्याशी मला कर्तव्य नाही. परवाना असलेलं कुणीही आणा. आज शेवटची तारीख, आज नाही झालं तर मात्र गाडी गेली समजा."

साहेबांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने फळ्यांवर आपटून सुजलेला कोपर पुढे केला आणि बहिणीकडे पाहिलं. बायकोने पिशवीत हात घालून परवाना काढला, न शोधता.

"तू?" साहेब म्हणाले.

"ताई आमच्याकडे आली की माझी गाडी तीच चालवते भाऊजी," मेहुणा म्हणाला. "बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे. तुम्हाला माहीत नाही?"

साहेबांना माहीत नव्हतं. आणि त्यांना माहीत नाही, हे आता सगळ्या आवाराला समजलं. बायको चढली. सीट पुढे ओढली, आरसा हलवला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि ते तिथेच ठेवले. पिकअप पट्ट्यावरून गेली ती अशी, की पट्टा तिच्या पोटाखालून सुतासारखा निघाला. वळली, परत आली, उभी राहिली. जमलेल्या ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. आणि साहेबांना गाडी वाचल्याचा आनंद झाला का? झाला, नक्की झाला. पण टाळ्या वाजवायला त्यांचे हात काही वर आले नाहीत, तेही खरं.

येताना ते शेजारच्या सीटवरून डावी-उजवीकडे बघत आले. बायकोचा चेहरा मात्र असा उजळला होता, की तिच्याकडे बघवत नव्हतं आणि बघितल्यावाचून राहवतही नव्हतं.

पुढचे काही दिवस साहेब मैदानात सराव करत होते. हात आवरेनात. एका दुपारी सगळे झोपल्यावर ते पाना घेऊन गाडीखाली सरकले. नट जेमतेम सापडला होता, तोच डोळ्यांसमोर ओळखीच्या चपला येऊन थांबल्या.

"काय करताय?"

"तपासतोय. नट नीट बसलाय ना ते."

"सैल करताय."

गाडीखाली झोपलेल्या माणसाला खोटं बोलायला फारशी जागा नसते. साहेब म्हणाले, "थोडंसंच गं. तुला चालवता येऊ नये म्हणून नाही. पण ही गाडी कुणालाही येत नव्हती म्हणून लोक आपली बेल वाजवत होते. आता कुणालाही येते. मला सोडून. मग माझ्याकडे कोण कशाला येईल?"

बायकोने पदर खोचला. मग खाली वाकली. "पट्ट्यावरून जाताना मला काय वाटलं, ते तुम्ही अजून विचारलं नाहीत." साहेबांनी पाना खाली ठेवला. "मला फार छान वाटलं," ती म्हणाली. "एवढी वर्षं शेजारी बसून तुमचे हात बघत आले. आता हे चालवणं काढून घेऊ नका माझ्याकडून. या बाहेर, शर्टाला ऑइल लागतंय."

साहेब बाहेर आले. नट होता तिथेच राहिला.

रविवारी सकाळी बेल वाजली. साहेब दाढी करून तयार होते. दारात डॉक्टर. फुटलेल्या कुंड्यांच्या जागी नव्या आणायच्या होत्या. "साहेब," डॉक्टर जरा घुटमळले आणि त्यांच्या खांद्यावरून आत बघत म्हणाले, "वहिनी मोकळ्या आहेत का?"

 साहेब कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले, हनुवटी खाजवली, आणि आत हाक मारली, "अगं, डॉक्टरांच्या कुंड्या आणायच्यात. जमवशील का?"

"जमवू," आतून आवाज आला.

कुंड्या आल्या. गाडी डॉक्टरांच्या फाटकात मागे घ्यायची होती, आणि फाटक अरुंद. साहेब टुणकन उतरले, मागे जाऊन मध्यभागी पाय फाकवून उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असे ओरडू लागले, "येऊ दे... येऊ दे... जरा डावीकडे... येऊ दे!" त्यांचे हात डावीकडे जात, उजवीकडे जात, उलटे, सुलटे, जुन्या लयीत. बायको त्यांच्या हातांकडे बिलकूल लक्ष न देता गाडी झोकात मागे आणत होती.

डॉक्टरांना राहवलं नाही. ते जवळ येऊन म्हणाले, "साहेब, कशाला घसा कोरडा करताय? वहिनींना आरशात सगळं दिसतंय की!"

साहेबांनी हात खाली घेतले नाहीत. "अहो, दिसतंय ना?" ते ठसक्यात म्हणाले. "मग आरशात दिसायला कुणीतरी उभं नको?"